सदर वस्तू वाहन नाही

गुडघा हे निमित्त होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, दुखऱ्या गुडघ्याच्या सज्जन माणसाला किती हा त्रास! गुडघा दुखत होता, हे खरं. डॉक्टरांनी कागदावर ‘ढकलाढकलीची कामं बंद’ असं लिहून दिलं होतं, हेही खरं. घरामागच्या अंगणातलं गवत कापायचं जुनं यंत्र ढकलूनच चालवावं लागायचं, हे तर शंभर टक्के खरं. पण तो कागद घडी करून खिशात घालताना नकाशेवाल्यांच्या तोंडावर जो आनंद पसरला होता, तो काही दुखणेकऱ्याचा आनंद नव्हता.

नकाशेवाले म्हणजे जमीन-मोजणी खात्यात छत्तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. अख्खी कॉलनी त्यांना याच नावाने ओळखायची. माणूस इतका काटेकोर, की भाजी चिरायला बसला तरी तुकडे एका मापाचे. कागदावर इतके रस्ते काढले, की एकापुढे एक जोडले तर कुठल्या कुठे पोचतील. पण त्यातल्या एकाही रस्त्यावर त्यांनी स्वतः गाडी चालवली नव्हती. गाडी चालवायची त्यांची बायको. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, म्हणून कॉलनीच्या मास्तरीणबाई.

असं का, तर लायसन्सच्या परीक्षेत नकाशेवाले तीनदा नापास झाले होते. पहिल्या वेळी त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्याच्या पट्ट्यावर गाडी इतकी अचूक आणि इतकी सावकाश नेली, की ती अकरा वेळा बंद पडली. दुसऱ्या वेळी मागे घेताना ध्वजस्तंभाला धक्का बसून झेंडा अर्ध्यावर आला, आणि कुणीतरी मोठं माणूस गेलं असं समजून दोन कारकून घरी निघून गेले. तिसऱ्या वेळी परीक्षकांनी त्यांना ओळखलं आणि गाडीतून उतरून ते बाहेर उभे राहिले. त्याच महिन्यात मास्तरीणबाई पहिल्या झटक्यात पास झाल्या. तेव्हापासून एकतीस वर्षं नकाशेवाले शेजारच्या सीटवर. मांडीवर थर्मास, हातात पार्किंगची पावती, आणि काम काय, तर ‘डावीकडून सायकल येतेय’ असं सांगायचं.

तक्रार त्यांनी कधी केली नाही. पण सिग्नलला गाडी थांबली की त्यांची नजर हळूच बायकोच्या हातांकडे जायची. स्टिअरिंगवर बोटं कशी सैल पडलेली असतात, वळण आलं की तळहातानेच चाक कसं फिरतं, हे ते बघत राहायचे. बघताना कोणी पकडलं, की खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायचे, “ते बघ, बगळे!”

तर डॉक्टरांचा कागद घरी आला.

“माळी लावू या,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आठवड्यातून एकदा येईल, तासाभरात कापून जाईल.”

“माळी कशाला?” नकाशेवाले म्हणाले. “बसून चालवायचं मशीन मिळतं हल्ली. ढकलायचं नाही, काही नाही. गुडघ्याला आराम.” आणि मग अगदी सहज, थर्मासचं झाकण लावता लावता, “त्याला लायसन्स लागत नाही म्हणतात.”

मास्तरीणबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नाही. आपल्या आलं, तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाल्यांनी टेप काढला आणि अंगण मोजायला घेतलं. चार दिवस मोजलं. घर कोपऱ्यावरचं, मागे ऐसपैस जागा, अकरा झाडं. प्रत्येक झाडाचा घेर, फांदीची उंची, कपडे वाळत घालायची तार, सगळं मोठ्या कागदावर उतरलं. शाई काळी, झाडं हिरवी, पाण्याचा नळ निळा. नकाशा इतका देखणा झाला, की प्रत्यक्ष अंगण त्यापुढे गबाळं दिसायला लागलं.

आता नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला म्हटल्यावर सल्ला देणारे येणारच. पहिले आले भिंतीपलीकडचे दातांचे डॉक्टर. हा मनुष्य दिवसभर अशा लोकांशी बोलतो ज्यांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे संध्याकाळी थांबवणं अवघड जातं.

“अकरा झाडं?” ते म्हणाले. “मग प्रश्नच नाही. दोन दांड्यांचं घ्या. त्याला स्टिअरिंग नसतं. एक दांडी पुढे, एक मागे, की जागच्या जागी गर्रकन फिरतं. अहो, मी रोज बत्तीस दातांच्या मधून हात फिरवतो. अडचणीच्या जागी फिरणारं हत्यारच पाहिजे.”

“स्टिअरिंग नसतं?” नकाशेवाल्यांचा आवाज खोल गेला.

“काही गरजच नसते त्याची!”

मग आला मेहुणा. मास्तरीणबाईंचा हा धाकटा भाऊ, मोबाइलवर व्हिडिओ बघून सर्वज्ञ झालेला. “भावोजी, मी सांगतो. बसायच्या मशीनमध्ये तीन जाती. एक, इंजिन सीटच्या मागे, अंगाने बारकं, छोट्या अंगणाचं. दोन, बॉनेट पुढे, दिसायला ट्रॅक्टर, त्याला स्टिअरिंग. ते मोकळ्या रानाला आणि उताराला. आणि तीन, डॉक्टर म्हणतात ते दांड्यांचं. तुमची झाडं बघता तीन नंबर. डोळे मिटून.”

“उताराला कुठलं म्हणालास?”

“दोन नंबर. उतारावर दांड्यांचं घसरतं. पण तुमच्या अंगणात उतार आहेच कुठे?”

मेहुणा गेल्यावर नकाशेवाल्यांनी दार लोटलं, पेनात तपकिरी शाई भरली, आणि छत्तीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर आयुष्यात पहिल्यांदा नकाशात खोटं काढलं. उत्तरेच्या भिंतीपासून नळापर्यंत उताराच्या सात रेघा. अंगणाच्या एका टोकाला ठेवलेला चेंडू दुसऱ्या टोकाला जायला कुणालातरी लाथ मारावी लागत होती, ही गोष्ट वेगळी. कागदावर मात्र तिथून पाय घसरून माणूस थेट नळावर आपटला असता. पाप ते पापच.

दुकानातल्या माणसाने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आणि म्हणाला, “बाप रे, एवढा उतार? मग काका, बॉनेटवालंच घ्या. छोट्यांची गोष्ट तशीही संपली, कंपनीने ते बनवणं बंद केलंय.”

“बघा बुवा,” नकाशेवाले पडेल आवाजात म्हणाले, “तुम्हीच म्हणता तर...”

“बसून बघा की.”

ते बसले. यंत्र लाल होतं. सीट उंच पाठीची. हात आपोआप स्टिअरिंगवर गेले आणि बोटं सैल पडली, अगदी तशीच, जशी त्यांनी एकतीस वर्षं शेजारून पाहिली होती. यंत्र बंद होतं, समोर दुकानाची भिंत होती आणि भिंतीवर खताच्या पोत्याचं चित्र होतं. पण नकाशेवाले त्या पोत्याकडे असे बघत होते, जणू लांबचा रस्ता आहे आणि घाई काहीच नाही. आपलं अर्धं आयुष्य थर्मास धरण्यात गेलं, असं त्यांना एकदम वाटलं, आणि डोळे भरून आले. वीस मिनिटं झाली. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा दुकानदार हळूच म्हणाला, “काका, उतरता का? घरी गेल्यावर तुमचंच आहे.” वर गवत भरून न्यायची छोटी ट्रॉलीही त्याने मशीनबरोबर दिली.

आता सुरळीत व्हायला हरकत नव्हती. पण कॉलनीला सेक्रेटरी असतो.

“मशीन आणा, माझी ना नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “फक्त मला एक सांगा, हे वाहन आहे की उपकरण? वाहन असेल तर एका घराला एकच, असा नियम आहे, आणि ताईंची गाडी आधीच आहे. उपकरण असेल तर प्रश्न नाही. पण ते वाहन नाही असा दाखला आणा. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?” आजवर त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्या एका दिवसाच्या आशेवर तर ते सेक्रेटरी झाले होते.

दाखला मिळणार वाहन खात्यात. तीच इमारत, तेच मैदान, तोच ध्वजस्तंभ. थोडासा कललेला.

“गाडी नंबर?” खिडकीतला कारकून म्हणाला.

“नंबर नाही. कारण ती गाडी नाही.”

“मग इथे कशाला आलात?”

“ती गाडी नाही, एवढंच लिहून हवंय.”

कारकुनाने चष्मा काढला. “काका, इथे वाहनांची नोंद होते. जे वाहन नाही त्याची नोंद ठेवायची म्हटलं तर तुमचं कपाट, पलंग, शिलाई मशीन, सगळंच आलं. कुठे ठेवू?”

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कारकून वैतागला आणि त्याने कोरा कागद पुढे ओढला. “सांगा. चाकं किती?”

“चार.”

“स्टिअरिंग?”

“आहे!” हे नकाशेवाले इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेजारच्या खिडकीतली बाई दचकली.

“सीट?”

“आहे. उंच पाठीची.”

“अहो, मग हे वाहनच झालं की!”

“तुम्हाला खरंच तसं वाटतं?” नकाशेवाले खिडकीतून जवळजवळ आत झुकले. त्या क्षणी त्यांना दाखल्याची पर्वा राहिली नव्हती.

“वेग किती?”

“ताशी आठ किलोमीटर.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि लिहिलं, ‘सदर वस्तू वाहन नाही.’ खाली शिक्का मारला. धाड करून. बाहेर मैदानावर एक मुलगी आठच्या पट्ट्यावर गाडी घेत होती. एकदाही बंद पडली नाही. नकाशेवाले ती पुरी होईपर्यंत बघत उभे राहिले आणि मग दाखला खिशात घालून बस पकडायला गेले.

शनिवारी टेंपो आला. कॉलनीतली सगळी रिकामी माणसं जमली, म्हणजे सगळीच. लाल यंत्र फळीवरून खाली उतरलं. डॉक्टर, मेहुणा, सेक्रेटरी असे तिघं तीन बाजूंनी ‘इकडे, इकडे’ करत होते. घराच्या बगलेतून मागच्या अंगणात जायला एक लोखंडी फाटक आहे. यंत्र फाटकापर्यंत गेलं आणि थांबलं. पुन्हा मागे घेतलं, पुन्हा नेलं. पुन्हा थांबलं.

“बसत नाहीये,” टेंपोवाला म्हणाला.

“बसायलाच पाहिजे,” नकाशेवाले म्हणाले. “मी मोजलंय.” त्यांनी नकाशा आणवला, फाटकावर पट्टी ठेवली. “हे बघा. चार फूट. मशीन बेचाळीस इंच. सहा इंच मोकळे राहतात!”

मास्तरीणबाईंनी शिवणाच्या डब्यातला टेप आणला आणि खरं फाटक मोजलं. चौतीस इंच.

आणि मग नकाशेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मोजणी खात्यात फाटक कधी मोजून काढत नाहीत. फाटकाची एक ठरलेली खूण असते, दोन छोट्या रेघा आणि मधे तिरपी. राजवाड्याचं असो की गोठ्याचं, खूण तेवढीच. चार दिवस झाडांच्या फांद्या मोजणाऱ्या या माणसाने फाटक आलं, तेव्हा सवयीने खूण काढली होती आणि नंतर स्वतःचीच खूण पट्टीने मोजली होती.

“भिंत पाडा,” डॉक्टर म्हणाले. दात काढणाऱ्याला दुसरं काय सुचणार!

“भिंतीला अर्ज लागेल,” सेक्रेटरी म्हणाले.

“मशीन खोलून आत न्या, मी व्हिडिओ बघितलाय,” मेहुणा म्हणाला. त्याला कुणी स्क्रू-ड्रायव्हर दिला नाही, हे त्या दिवसातलं एकमेव शहाणपण.

यंत्र घरासमोर राहिलं, जुनी चादर पांघरून. या गोंधळात दाखला मागायचं सेक्रेटरींच्याही लक्षात राहिलं नाही. मागे गवत गुडघ्याला लागलं, दुखऱ्याही आणि बऱ्याही. येणारा-जाणारा विचारायचा, “काय नकाशेवाले, गेलं का आत?” पहिले दोन दिवस ते उत्तर द्यायचे. मग त्यांनी दूध आणायला मागच्या गल्लीने जायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी दुकानदार स्वतः बघायला आला. “काका, आठवड्याच्या आत बदलून देतो मी. चौतीस इंचांतून जाईल असं एकच आहे, दांड्यांचं, बत्तीस इंची. शनिवारी टेंपो पाठवतो.” मग तो फाटकातून आत गेला, अंगणभर फिरला, आणि परत येऊन मास्तरीणबाईंच्या देखत म्हणाला, “पण काका, तो उतार कुठाय?”

नकाशेवाल्यांनी चपलेकडे पाहिलं.

दुपारी चारला मास्तरीणबाईंनी चहा ठेवला आणि नकाशा टेबलावर उलगडला. तेहतीस वर्षं त्यांनी पोरांचे पेपर तपासले होते. कॉपी केलेलं उत्तर त्यांना वासाने कळायचं. तपकिरी रेघांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “अहो, हे काय आहे?”

“उतार.”

“आपल्याकडे उतार नाहीये.”

“नाहीये.”

“तुम्ही नकाशात खोटं काढलंत?” बाई रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. “तुम्ही? का?”

नकाशेवाले बराच वेळ कपाच्या कानाशी खेळत राहिले. “दांड्यांना स्टिअरिंग नसतं,” शेवटी ते म्हणाले. “मला एकदा तरी... म्हणजे माझ्या हातात. तू शेजारी किंवा मागे कुठेतरी. तुला मी नेतोय, असं. दवाखान्यात नको, लग्नाला नको, नुसतं कुठेतरी. आता या वयात कोण देणार मला लायसन्स? हे एवढंच राहिलं होतं. तेही वाहन नाही म्हणे.”

चहावर साय धरली.

“तुम्ही बगळे दाखवायचात ना,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “मी कधी बघितले नाहीत.”

“का गं?”

“का काय! मी पुढे बघत असायचे. तुम्ही म्हणायचात ते बघ बगळे, ते बघ केवढं झाड फुललंय, ते बघ माणूस केवढा आरसा घेऊन चाललाय सायकलवर. मी मान वळवेपर्यंत मागचा हॉर्न मारायचा. एकतीस वर्षं, अहो. एकदाही मला खिडकीतून बाहेर बघता आलं नाही. मला तुमच्या त्या सीटचा इतका हेवा वाटायचा! थर्मास घेऊन मस्त बसलेले असायचात.”

“मला वाटायचं, तुला आवडतं चालवायला.”

“मला वाटायचं, तुम्हाला आवडतं बसायला.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा एक प्रश्न कुणी कुणाला विचारू नये, म्हणजे कमाल झाली.

शनिवारी सकाळी मास्तरीणबाईंनी दुकानात फोन केला. “बदलून नको. परत घेऊन जा. गवताला माळी लावतोय आम्ही. आणि हो, टेंपो घरापर्यंत आणू नका. कॉलनीच्या मोठ्या गेटपाशी उभा करा. तिथवर आम्ही आणतो.”

मग त्यांनी चादर काढली, ट्रॉली मागे जोडली आणि तिच्यात बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून, पदर खोचून, रस्त्याच्या डाव्या बाजूकडे तोंड करून, थर्मास मांडीवर घेऊन बसल्या. “चला,” त्या म्हणाल्या.

“अगं, लोक बघतील.”

“बघू देत. आज मीही बघणार आहे.”

सेक्रेटरी धावत आले. “अहो ताई, कॉलनीच्या रस्त्यावर वाहन असं...” नकाशेवाल्यांनी खिशातून दाखला काढून त्यांच्या हातात दिला. सेक्रेटरींनी तो शिक्क्यासकट दोनदा वाचला. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नेमका मागितलेला कागद आणला होता. ते बाजूला झाले.

नकाशेवाल्यांनी किल्ली फिरवली. पाती बंदच ठेवली होती. यंत्र खोकलं, हादरलं आणि निघालं. घरापासून गेटपर्यंत तीनशे वीस मीटर. हे अंतर मोजलेलं होतं, खूण काढलेली नव्हती. हात सुरुवातीला घट्ट होते. डॉक्टरांच्या घरापाशी बोटं जरा सैल पडली. पुढचं वळण त्यांनी तळहाताने घेतलं. यंत्र एकदाही बंद पडलं नाही.

“अहो, या घराला निळी खिडकी आहे?” मागून आवाज आला.

“अठरा वर्षं झाली.”

“आणि हे झाड कसलं? किती पिवळं झालंय! अहो, ते बघा, भिंतीवर मांजरीची पिल्लं! चार आहेत! बघा ना!”

“मी पुढे बघतोय,” नकाशेवाले म्हणाले. हे वाक्य म्हणायला आपण एकतीस वर्षं थांबलो होतो, हे त्यांना म्हटल्यावर कळलं. त्यांनी घसा खाकरून ते पुन्हा एकदा म्हटलं.

गेटपाशी टेंपो उभा होता. फळी लावलेली होती. नकाशेवाल्यांनी यंत्र फळीपासून बरोबर चार फुटांवर थांबवलं आणि हात तसेच स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. टेंपोवाला पुढे आला. “काका, उतरा. चढवून घेतो.”

नकाशेवाले उतरायला लागले. दुखरा पाय आधी खाली टेकला.

“थांबा हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल जरा सरकवून घेतलं आणि त्यावर नीट बसत टेंपोवाल्याला सांगितलं, “एकच बाजू बघून झालीये माझी. दुसरी परत घरी जाताना बघायचीये.”